आधी थांबण्याची सिद्धता

स्पोर्ट्‌स कार ही आता आपल्या व्यवसायातही अपूर्वाईची वस्तू उरलेली नाही. अशी गाडी दारात आल्यावर तिचे सामर्थ्य एकदा तरी पूर्णपणे अजमावावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. आणि ती महामार्गावर न भागवता बंदिस्त सर्किटवर भागवावी, हा विचार स्वागतार्हच म्हटला पाहिजे. मालकांनी आपली नेहमीची गाडी देखरेखीखाली, स्पर्धा न लावता, सर्किटवर चालवावी अशा आयोजनास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा २०११ मध्ये उघडलेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही वेगासाठीच बांधलेली स्थाने होत.

प्रश्न आहे तो तयारीचा. पुष्कळांची तयारी इंजिनापासून सुरू होते. प्रथम रिमॅपिंग, मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, आणि उत्साह उरलाच तर शर्यतीच्या गाडीसारखे पट्टे व लोखंडी पिंजरा. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, आणि शेवटची पायरी तर सर्वांत धोक्याची. रस्त्यावरच्या गाडीची सिद्धता म्हणजे तिची शक्ती वाढवणे नव्हे. तिची मूळची सुरक्षा अबाधित ठेवून तिला उष्णता सोसण्यास समर्थ करणे होय.

थोडे गणित पाहू. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर आणताना सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या ऊर्जेत साधारण साडेचार लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. सर्किटवर प्रत्येक फेरीत तो अनेकदा येतो, आणि मध्ये ब्रेक थंड व्हायला उसंत नसते.

ही उष्णता अखेर ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक सांगते. परंतु ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी ब्रेकचे पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून सर्किटवर जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल पूर्णपणे बदलणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च होय. ब्रेक पॅडची जाडी व डिस्कवरील चिरा तपासाव्यात. प्रत्येक सत्राची अखेरची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करून सावकाश पुरी करावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी.

त्यानंतर टायर. टायरच्या कडेवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी उत्तम दिसणारा टायरही वयाने कडक झालेला असू शकतो. तापलेल्या टायरमधील हवेचा दाब वाढतो, म्हणून तो सत्रानंतर पुन्हा मोजावा. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळावेत. गाडीतील सर्व सुटे सामान, स्टेथोस्कोपपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत, बाहेर काढावे.

आता पट्ट्यांविषयी. आपल्या इंदूरनजीक पीथमपूरला वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. चाचणीच्या अशा केंद्रांत कस लागतो तो संपूर्ण गाडीचा. तीन ठिकाणी बांधणारा पट्टा, एअरबॅग आणि आसन यांची रचना एकमेकांच्या हिशेबाने केलेली असते. त्यातील एक भाग आपण बदलला, की कारखान्याने केलेल्या परीक्षेचा निकाल आपल्या गाडीला लागू राहत नाही.

चार पट्ट्यांचा हार्नेस रुबाबदार दिसतो खरा. परंतु मांड्यांमधून येणारा पट्टा नसल्यास खांद्यांचे पट्टे कमरपट्ट्याला ओटीपोटावर ओढतात आणि धडकेत शरीर त्याखालून घसरते. त्यातून आतडी व मेसेंटरी यांना होणाऱ्या इजा आपल्या परिचयाच्या आहेत. १९४८ मध्ये चान्स यांनी वर्णिलेला मणक्याचा भंगही पुढे कमरपट्ट्याशीच जोडला गेला. शिवाय धड घट्ट जखडले आणि डोके मोकळे राहिले, तर सारा भार मानेवर येतो. १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रॅटझेनबर्गर आणि २००१ मध्ये डेटोना येथे डेल अर्नहार्ट हे दोन्ही चालक कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने गेले. त्यावरचा उपाय, म्हणजे डोके व मान सावरणारे ‘हॅन्स’ हे साधन, जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकातच तयार केले होते. फॉर्म्युला वनने ते २००३ मध्ये सक्तीचे केले.

यावर कोणी म्हणेल, की सुरक्षेची साधने जितकी अधिक तितके बरे. येथेच गफलत होते. सहा पट्ट्यांचा हार्नेस, साजेसे आसन, पिंजरा, हेल्मेट आणि हॅन्स हा एक संच आहे. त्यातील दोन-तीन वस्तू निवडून तो अर्धा करता येत नाही. पिंजऱ्याची लोखंडी नळी हेल्मेट घातलेल्या चालकाला तारते. तीच नळी बाजारात निघालेल्या, उघड्या डोक्याच्या चालकाची कवटी फोडू शकते. ज्याला पूर्ण शर्यतीची गाडी हवी, त्याने ती वेगळी बांधावी आणि ट्रेलरवरून सर्किटवर न्यावी. ज्याला सोमवारी त्याच गाडीने रुग्णालयात जायचे आहे, त्याने कारखान्याचे पट्टे व एअरबॅग यांना हात लावू नये, चांगले हेल्मेट घ्यावे आणि वेगाला स्वतःहून मर्यादा घालावी.

कायदाही हेच सुचवतो. मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही भूमिका उचलून धरली. विम्याच्या पॉलिसीतील वापराच्या मर्यादाही बारकाईने वाचाव्यात. आयोजित शर्यत व वेगचाचणी सामान्यतः त्यातून वगळलेली असते.

शेवटचा मुद्दा खास आपल्या व्यवसायाचा. १९७८ मध्ये मोंझा येथे पायांचे अस्थिभंग झालेला रॉनी पीटरसन दुसऱ्या दिवशी फॅट एम्बोलिझमने दगावला. त्यानंतर न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांनी आग्रह धरला आणि पहिल्या फेरीत शर्यतीमागून वैद्यकीय गाडी धावू लागली. म्हणून ट्रॅक डेचे शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना विचारावे: रुग्णवाहिका कोठे उभी असेल, तिच्यात श्वासमार्ग सांभाळू शकणारे कोण असेल, न्यूरोसर्जरीची सोय असलेले रुग्णालय किती दूर आहे? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर परत फिरावे. हे प्रश्न इतरांना सुचणार नाहीत. ते आपणच विचारायला हवेत.

वेगाचा आनंद वर्ज्य नाही. पण शस्त्रक्रियेआधी रक्ताची सोय झाली का, हे विचारणारा सर्जन भित्रा ठरत नाही. ब्रेक ऑइलची तारीख आणि रुग्णवाहिकेची जागा विचारणारा चालकही भित्रा ठरू नये.