गादी की तस्त?

पवित्र गुरुवारची संध्याकाळ. उत्तर गोव्यातल्या एका इगर्जीत आम्ही पुढून तिसऱ्या बाकावर बसलो होतो. आल्तारासमोर बारा खुर्च्या, बारा गृहस्थ ओळीने बसलेले, प्रत्येकाचा उजवा बूट आणि मोजा खुर्चीखाली सारलेला. पाद्रीबाबांनी कमरेला पांढरा टॉवेल गुंडाळला, एका पोराने तस्त धरली, दुसऱ्याने तांब्या, आणि येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण सुरू झाली. एकेका पावलावर चमचाभर पाणी, की लगेच टॉवेल. बारा पाय सहा मिनिटांत उरकले. तस्त आमच्या शेजारून आत गेली तेव्हा आम्ही वाकून पाहिले. बारा पायांचे पाणी, आणि ते पिण्याइतके नितळ! सगळे जण घरूनच साबणाने पाय धुऊन आले होते. नखेसुद्धा कापून.

आणि हे बारा जण तरी कोण? एक निवृत्त बँक मॅनेजर, गेल्या फेस्ताचा प्रेजेंत (यजमान), आखातातून परतलेले दोघे, फाब्रिकेवरचे, म्हणजे इगर्जीच्या कारभारी समितीवरचे, तिघे, बाकीचे त्यांचेच सोयरे. ट्रॉलरवर राबणारी ओडिशा-झारखंडची चार पोरे मागच्या दाराशी उभी होती. त्यांच्या पायांना खवले चिकटलेले होते, टाचा मिठाने फुटलेल्या होत्या. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलींचे पाय धुतले, त्यांत एक मुसलमान मुलगी होती. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी हुकूमच काढला, की या विधीला स्त्रियांनाही बसवता येईल. रोमहून निघालेला तो हुकूम वाटेत कुठल्या फेरीबोटीत अडकून पडला, देव जाणे!

ज्या सत्तेला तस्तीतले पाणी गढूळ झालेले चालत नाही, ती सत्ता आध्यात्मिक कसली? अंगावर झगा घातलेली ती नुसती सत्ता आहे, आणि मामलेदाराच्या सत्तेहून ती वाईट आहे. मामलेदाराविरुद्ध अपील तरी करता येते.

पार्सेसारख्या गावातून आम्ही हे लिहितो आहोत. वाचक बहुतेक हिंदू. किरिस्तावांच्या घरातली भांडी आमच्या अंगणात कशाला आपटता, असे तिठ्यावर चहा पिताना आम्हाला विचारले जाईल. आम्ही मराठी शाळेत शिकलेले किरिस्ताव. दोन्ही अंगणांत वावरतो, म्हणून दोन्हीकडचा केर आम्हाला दिसतो. आधी आपल्या घरातला केर काढतो. मग तुमच्याकडे वळूच.

दिवाडी बेट आणि डिचोली तालुक्यातले नार्वे यांच्यामध्ये मांडवीचे पाणी आहे. फेरी काही मिनिटांत पलीकडे पोचते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दिवाडीचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग उचलून हेच पाणी ओलांडले आणि नार्व्याला त्याची स्थापना केली. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच दिवाडीवरून, सतराव्या शतकात, आणखी एक जण डिचोलीच्या आश्रयाला आला. तो होता कॅथलिक बिशप! ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. हिंदूंना ती सांगायची गरज वाटत नाही आणि किरिस्तावांना तोंड उरत नाही.

मातेउस दे कास्त्रो हे त्याचे नाव. दिवाडीच्या नावेलीत बाटलेल्या ब्राह्मण घराण्यात जन्मला, रेइश मागुशला फ्रान्सिस्कनांकडे शिकला. पुरोहित व्हायची इच्छा होती. पण गोव्याच्या आर्चबिशपाने या जातीच्या नेटिवांना दीक्षा द्यायची नाही असा पण केलेला! म्हणजे बाप्तिस्म्याचे पाणी चालते, भक्तांच्या बाकावर बसलेला चालतो, दशमांश चालतो. आल्तारापाशी उभा राहिलेला चालत नाही. कास्त्रो खुश्कीच्या वाटेने, इराणातून, थेट रोमला गेला. १६२५ मध्ये पोचला, तिथे दीक्षा मिळवली, परत आला. गोव्याने त्याचे कागद मानले नाहीत. पुन्हा रोम गाठले. १६३७ मध्ये पोपच्या दरबाराने त्याला बिशप केले. रोमच्या चर्चने बिशप केलेला हा पहिला भारतीय. आता तरी मान्य? छे! गोव्यातल्या गोऱ्या धर्मपंडितांनी त्याला ज्या शब्दांत हिणवले ते शब्द आम्ही छापणार नाही. ख्रिस्ताच्या नावाने अभिषेक झालेला बिशप आपल्याच मुलखात परका ठरला आणि आदिलशहाच्या हद्दीत, डिचोलीला, राहू लागला. मुसलमान बादशहाच्या राज्यात त्याला आसरा मिळाला. ख्रिस्ताच्या राज्याचा डंका पिटणाऱ्यांच्या राज्यात मिळाला नाही.

हे एवढेच असते तर अग्रलेख सोपा होता. गोऱ्यांना शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण १६५३ मध्ये याच कास्त्रोने ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका लिहिली आणि पोर्तुगिजांविरुद्ध हाक दिली. कुणाला? आपल्याच जातीला! त्याच्या आरशात गावडा दिसला नाही, कुणबी दिसला नाही, पागी दिसला नाही. ज्या उंबऱ्यावर स्वतः ठेचकाळला, तोच उंबरा त्याने आपल्या दाराला बसवला. पुढे गोमंतकीय पाद्रींची ओरातोरियन मंडळी उभी राहिली, तर ती केवळ ब्राह्मण किरिस्तावांची. दार बंद दिसले म्हणून चार्ड्यांनी, म्हणजे क्षत्रिय किरिस्तावांनी, चिंबलला कार्मेलाइटांचा वेगळा मठ थाटला. शूद्र किरिस्ताव कुठे गेला? तो मेणबत्त्या विकत घेत होता.

१७८७ चे पोर्तुगीज सत्तेविरुद्धचे पिंतांचे बंडही इथूनच पेटले. कौतो आणि गोन्साल्विस हे दोन गोमंतकीय पाद्री बिशपपद मागायला लिस्बनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. कट फुटला, पंधरा जणांना पणजीत मरणाची शिक्षा झाली आणि कटात सापडलेल्या पाद्रींना कैद करून लिस्बनला पाठवले. त्या शूरांचे ऋण आम्ही मानतो. पण आज एक प्रश्न विचारायला कुणाची चोरी? मागणी गादीची होती. गादीखाली काय दडपले आहे, हे कुणी विचारत होते काय? १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस यांच्या रूपाने गोव्याच्या गादीवर पहिला गोमंतकीय आर्चबिशप आला. कास्त्रोच्या अभिषेकानंतर ३४१ वर्षांनी! २०२२ मध्ये फिलिप नेरी फेर्राव कार्डिनल झाले. आनंद आहे, आम्हीही फटाके ऐकले. पण साळसेतीत फेस्ताच्या मिरवणुकीत कुणाच्या खांद्यावर मुर्सा ही छोटी झूल तांबडी आणि कुणाच्या खांद्यावर निळी, हे अजून कोंफ्रारीच्या, म्हणजे धर्मबंधूंच्या मंडळाच्या, वहीत जन्मावरून ठरते ना? मग गादीवरचा रंग बदलला म्हणून खांद्यावरचा बदलला, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

इन्क्विझिशनचे काय, असे कुणीतरी दात विचकून विचारणारच. विचारा! झाकायचे नाही. ती स्थापा, अशी मागणी करणारे १५४६ चे पत्र खुद्द फ्रान्सिस झेवियरचे आहे. ज्याच्या पेटीपुढे आम्हीही तासन्‌तास रांगेत उभे राहिलो आहोत, त्याच झेवियरचे. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडली तर, ती चालली. १७३६ च्या फर्मानात काय काय होते ते अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथात पाहा. दारी तुळस नको, बाईच्या अंगात चोळी नको, पुरुषाने धोतर नेसू नये आणि भात बिनमिठाचा शिजवू नये. देवाच्या नावाने आलेली सत्ता शेवटी कुठवर पोचली, तर पेजेच्या मडक्यापर्यंत! एका शोमरोनी गावाने दार उघडले नाही, म्हणून त्यावर आकाशातून आग पाडू काय, असे दोन शिष्यांनी विचारले. तेव्हा येशू गावावर नव्हे, त्या शिष्यांवर उखडला. शुभवर्तमानातला हा प्रसंग इन्क्विझिशनच्या न्यायाधीशांनी वाचला नसेल? वाचला होता. सत्ता हातात असली की वाचलेले दिसत नाही, एवढेच.

आणि त्याच मातीत, त्याच ओरातोरियन मंडळीत, जुझे वाझ निघाला. सांकवाळच्या घराण्यातला हा पाद्री १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, अनवाणी श्रीलंकेत उतरला. डचांनी तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. कँडीच्या राजाने त्याला पोर्तुगिजांचा हेर समजून कोंडले. मग १६९७ मध्ये देवीची साथ आली. लोक आपली आजारी माणसे रानात टाकून पळू लागले आणि हा माणूस त्यांच्या पुवाने भरलेल्या अंगाला हात लावत बसला. बौद्ध राजाने त्याला धर्मकार्याची मोकळीक दिली ती हे पाहून. त्याच्यापाशी ना शिपाई, ना तोफ, ना फर्मान. पुढे बिशपपद देऊ केले तर नको म्हणाला. १७११ मध्ये कँडीतच वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनारी पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले, तेव्हा गोव्यात घंटा वाजल्या. वाजवा, पण गोव्याचा हा संत संत कशाने झाला, हेही त्या घंटेखाली उभे राहून एकदा सांगा. तस्तीतले पाणी गढूळ झाले म्हणून झाला!

आता हिंदू वाचकहो, हसणे पुरे. तुमच्या देवळाचा कारभार १९३३ च्या मजनीया कायद्यावर चालतो. पोर्तुगीज गेले, सालाझार गेला, कायदा राहिला. कारण तो तुमच्यातल्या काहींच्या सोयीचा आहे. महाजन कोण, तर जो महाजनाच्या पोटी जन्मला तो. गाभाऱ्याशी कुणी जायचे, पालखीला कुणी खांदा द्यायचा, कौल आधी कुणाचा, यावरून दर जत्रेला डोकी फुटतात, पोलीस येतात, देऊळ बंद पडते. देवी बिचारी आत कोंडून! कोंफ्रारीची तांबडी मुर्सा आणि तुमचा मान, ही एकाच मागावरची दोन वस्त्रे आहेत. तुमच्यातून बाटले, ते मानाची वहीसुद्धा काखोटीला मारून घेऊन गेले.

आणि दोन्हीकडे समान असलेला तो तिसरा, त्याला तर आम्ही चाबकानेच फोडू इच्छितो. तिकडे घाडी, इकडे ‘हात ठेवून बरे करणारा’ प्रचारक. मंडप, माइक, कीबोर्ड, आणि साखरेच्या आजाराने पाय काळा पडलेली म्हातारी पुढे आणलेली. गोळ्या बंद कर, विश्वास कमी पडतो तुझा! शिमोन जादूगाराने पेत्रापुढे पैसे ठेवून आध्यात्मिक शक्ती विकत मागितली, तेव्हा पेत्राने त्याला पैशासकट झिडकारले. आज शिमोनच व्यासपीठावर चढला आहे आणि पावती फाडतो आहे. म्हातारीचा पाय कापावा लागला तर दोष म्हातारीच्या विश्वासाचा. या मखलाशीला धर्म म्हणणाऱ्याची जीभ झडत कशी नाही?

परदेशात काय चालले आहे ते पाहून तरी डोळे उघडा. बॉस्टनचे कार्डिनल लॉ यांनी पोरांवर अत्याचार करणाऱ्या पाद्रींना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये बदल्या देत वर्षे काढली. वर्तमानपत्राने ते उघड केल्यावर २००२ मध्ये पद सोडले, आणि २००४ मध्ये रोमच्या एका थोर बासिलिकेवर प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली! नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांना राजीनामा द्यावा लागला, तेही अशाच एका जुन्या प्रकरणात पुरेशी हालचाल केली नाही म्हणून. दोन्ही ठिकाणी पाप एकट्यादुकट्याचे, पण ते टिकले गादीच्या अब्रूसाठी. ‘चर्चची बदनामी होईल’ हे वाक्य जिथे ऐकू येईल, तिथे कुणाचे तरी लेकरू रडते आहे असे खुशाल समजावे.

आमचे मागणे लांबलचक नाही. फाब्रिकेचा हिशेब दर वर्षी इगर्जीच्या दारावर चिकटवा, कोकणीत आणि मराठीत, पै-पैचा. इगर्जीच्या भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला त्याच्या घराची जागा द्या. मुंडकारांचा कायदा १९७५ चा आहे, देव त्याहून जुना. मिरवणुकीत एकच रंग ठेवा, नाहीतर रंगच नको. पाद्रीबाबाच्या शेर्मांवावर (प्रवचनावर) शंका विचारणाऱ्या बाईला ‘बाहेरची हवा लागली’ म्हणू नका. तिच्या प्रश्नाला उत्तर द्या, आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगा. आल्तार कोसळणार नाही.

आणि पुढच्या पवित्र गुरुवारी त्या बारा खुर्च्यांवर बसवायचेच आहे तर कोळंबी सोलणाऱ्या बाईला बसवा, खाणीच्या धुळीत हयात घालवलेल्या डिचोलीच्या ड्रायव्हरला बसवा, मागच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या चार पोरांना बसवा. ते बाप्तिस्मा घेतलेले आहेत की नाहीत याची चौकशी करीत बसू नका. तस्त जरा मोठी आणा, पाणी बादलीभर ठेवा. फक्त आदल्या दिवशी त्यांना एक निरोप पाठवा: पाय घरून धुऊन येऊ नका.