सापसुरळीला मारू नका



अमेरिकेत पाऊस पडून गेल्यावर कित्येक आईबाप मुलांना घेऊन रानात जातात आणि कुजलेले ओंडके अलगद उलटून त्यांखाली सॅलॅमँडर नावाचा प्राणी शोधतात. पुस्तकातील त्याचे चित्र पाहून ‘हा आपल्या परसवाड्याच्या रानात सापडेल काय?’ असे एखाद्या बालकाने विचारले, तर ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागेल. भारतात हा प्राणी दार्जिलिंगचे डोंगर व ईशान्येकडील पर्वतप्रदेश एवढ्याच भागात आढळतो.

चार पाय व लांब शेपटी यांमुळे तो पालीसारखा दिसतो खरा. पण तो पालीच्या कुळातला नव्हे, बेडकाचा भाऊबंद होय. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्वचा नेहमी ओलसर असते आणि पुष्कळ जाती त्या त्वचेतूनच श्वास घेतात. असा हा ओलाव्याचा जीव अग्नीत जगतो, अशी समजूत मात्र जगात शतकानुशतके नांदली. संत ऑगस्टिन यांनीही आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात, निसर्ग जाणणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे म्हणून, तिचा दाखला दिला आहे. ओंडक्यात दडलेला सॅलॅमँडर सरपणाबरोबर चुलीत जाई व आच लागताच बाहेर पडे. त्यावरून ही कथा निघाली असावी, असे सांगतात.

विद्वानांचीही अशी गत, तर आपल्या अंगणातील समजुतींचे नवल ते काय? सॅलॅमँडरची आठवण करून देणारी सापसुरळी आपल्याकडे घरोघरी दिसते. कोणी तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात व दिसताच ठेचतात. वास्तविक तिला विष मुळीच नाही. ती किडे खाऊन राहते आणि शेतकऱ्यावर उपकारच करते.

सॅलॅमँडर नसला तरी त्याचे भाऊबंद आपल्या दाराशी आहेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर सायंकाळी मुलांना तळ्याकाठी न्यावे. मोठ्या बेडकाचा नर त्या दिवसांत पिवळाधमक होतो व ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसला, तर ते झाडावरील बेडकाचे घरटे समजावे. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात आणि पिले खालच्या पाण्यात पडून वाढतात.

मात्र काही पथ्ये पाळावीत. पायांत जोडे व हातात बत्ती असावी. ओंडक्याखाली किंवा बिळात हात घालू नये, कारण मण्यार व घोणस याच ऋतूत तेथे असतात. उलटलेला दगड होता तसा ठेवावा. बेडकाला हाताळू नये. त्याची त्वचा पातळ असते व आपल्या हाताला लागलेले औषध तिच्यात सहज झिरपते. कान्हाच्या राखीव वनात तर शोधासाठी शिरूच नये. गावचे तळे व शेताचा बांध पुरेसा आहे.

हे आताच का सांगावे? 2023 साली शास्त्रज्ञांनी जगातील आठ हजारांवर उभयचर जातींची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शंभरांपैकी सुमारे 41 जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. सॅलॅमँडरांत तर पाचांपैकी तीन. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात असत. ती निर्यात शासनाने 1987 साली बंद केली. परंतु शेतातील विषारी फवारा तळ्यात वाहून जातो, त्याला कोणती बंदी अडवणार? फवाऱ्याची भांडी तळ्यात न धुणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

मुले आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हातांकडे अधिक पाहतात. सापसुरळी दिसताच बापाने दगड उचलला, तर मूल दगड उचलण्यास शिकेल. आणि बापाने थांबून ‘पाहा, हिला कसे इवलेसे पाय आहेत’ असे म्हटले, तर ते पाहण्यास शिकेल. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक घराने हा दुसरा धडा द्यावा, एवढीच विनंती.