कापड पास, कामगाराचे काय?

तान्ह्या बाळाचे एक सुती झबले घ्या. तिरुपूरला विणलेले, तिथेच रंगवलेले आणि शिवलेले. आता निघाले आहे जर्मनीतल्या एका दुकानात. बोटीवर चढण्याआधी या मालातला एक नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे तो बारीक कातरतात. काही कातरण कृत्रिम घामात भिजवतात, काही कृत्रिम लाळेत. कारण बाळ कपडा अंगात घालते तसेच तोंडातही घालते. रंग सुटतो का, रंगाच्या रेणूतून कर्करोगकारक घटक बाहेर पडतो का, फॉर्मल्डिहाइड किती, बटणात शिसे किती, हे सगळे मोजले जाते. आकडे मर्यादेत आले की अहवालावर ‘पास’ असा शेरा पडतो आणि माल पुढे सरकतो.

ज्या माणसाने हे कापड रंगाच्या कढईतून काढले, त्याच्या कातडीची, फुप्फुसांची किंवा लघवीची तपासणी मात्र या अहवालात नसते. अहवालाला जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर तो देतो. प्रश्न असतो : हा कपडा घालणाऱ्याला अपाय होईल का?

सध्या या गोष्टीकडे लक्ष द्यायला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा कपडे निर्यातदारांची नजर युरोपकडे वळली. युरोपीय महासंघाशी मुक्त व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली होती; मध्ये ती थंडावली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याची घोषणा झाली. आपल्या कपड्यांवर युरोपात साधारण ९ ते १२ टक्के शुल्क पडत आले आहे, तर बांगलादेशचे कपडे शुल्काविना जात आले आहेत. करार अमलात आला की ही तफावत मिटेल. पण शुल्क कमी झाले म्हणून रसायनांचे नियम सैल होत नाहीत. उलट, दाराचा एक अडसर निघाला की दुसरा अधिक ठळक दिसू लागतो.

या दुसऱ्या अडसराचे दोन भाग आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला भाग कायद्याचा. ‘रीच’ हा युरोपचा रसायनविषयक कायदा २००७ पासून लागू आहे. कपड्यात कोणते रसायन किती चालेल हे तो ठरवतो. धाग्याचे नाव आणि प्रमाण लेबलावर कसे लिहायचे यासाठी वेगळा नियम आहे. लहान मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी असू नये असे युरोपीय मानक सांगते, कारण घसरगुंडीत नाडी अडकून गळफास बसल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमानुसार प्रत्येक मालासाठी युरोपात एक जबाबदार व्यक्ती वा संस्था असावी लागते. दोष आढळला तर तो माल सार्वजनिक इशारा यादीत झळकतो आणि दुकानातून परत घेतला जातो.

दुसरा भाग खरेदीदाराच्या अटींचा. १९९२ मध्ये सुरू झालेले ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’, सेंद्रिय कापसासाठीचे ‘गॉट्स’, कामगारांच्या स्थितीसाठीची सामाजिक ऑडिट हे कायद्याने सक्तीचे नाही. पण मोठ्या दुकानाला ते हवे असेल, तर छोट्या कारखानदारासाठी ते कायद्याइतकेच सक्तीचे होते. बहुतेक वेळा खर्चही त्यालाच सोसावा लागतो, आणि तीन खरेदीदारांच्या तीन तऱ्हा असतील तर तो तिप्पट होतो.

या नियमांमागचे विज्ञान पक्के आहे. वापरातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ‘अॅझो’ गटातले आहेत. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध ही या गटाची ओळख. त्यातले बहुतेक रंग निरुपद्रवी असतात. पण काहींचा हा बंध कातडीवरच्या किंवा आतड्यातल्या जिवाणूंमुळे, तसेच यकृतात तुटतो आणि बेंझिडीनसारखी अरोमॅटिक अमाइन्स सुटी होतात. बेंझिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. २००२ मध्ये युरोपीय महासंघाने २२ अमाइन्सची यादी करून एक किलो कापडामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. भारतानेही नव्वदच्या दशकात अशा ११२ रंगांवर बंदी आणली. जर्मनी हे आपल्या मालाचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे तिथल्या निर्णयाची धग इथे लागली होती.

हे रंग घातक आहेत हे मुळात कसे कळले? कपडे घालणाऱ्यांमुळे नव्हे. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढच्या अनेक दशकांत वेगवेगळ्या देशांतल्या कामगारांच्या आजारपणातून आणि मृत्यूंतून ही साखळी स्पष्ट होत गेली. आज ज्या ज्ञानाच्या आधारे झबले पास किंवा नापास होते, ते ज्ञान कामगारांच्या शरीरातून आले आहे.

फॉर्मल्डिहाइडची गोष्टही तशीच. शर्टाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून जे रेझिन वापरतात, त्यातून हा वायू हळूहळू सुटतो. घालणाऱ्याला पुरळ उठते, खाज येते. पण कापड तापवून सुकवणाऱ्या यंत्रापाशी दिवसभर उभ्या असणाऱ्याच्या श्वासात तो कितीतरी अधिक जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसासाठी कर्करोगकारक ठरवले. युरोपात आता कपड्याची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे.

नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटचा अनुभव अधिक बोलका आहे. कापड धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या साबणसदृश रसायनापासून पाण्यात नॉनिलफिनॉल तयार होते. ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करते आणि माशांच्या प्रजननात बिघाड घडवते. युरोपने २००५ पासून आपल्या कारखान्यांत त्याचा वापर बंद केला. पण आयात केलेल्या कपड्यांत ते राहिलेलेच होते. घरोघरी कपडे धुतले गेले आणि ते युरोपच्या नद्यांत पोहोचले. तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या आयात कपड्यांवरही वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा आली. मधली सोळा वर्षे हे रसायन वापरणे चालू होते. फक्त ते दुसऱ्यांच्या नद्यांकाठी चालू होते.

त्यातली एक नदी आपल्या देशातली आहे. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांचे खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले. सिंचनासाठी बांधलेले ओरतुपालयम धरण सांडपाण्याचा साठा होऊन बसले. खालच्या गावांतल्या शेतांत मीठ मुरले, विहिरी बिघडल्या. शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत रंगाई कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. शेकडो कारखाने एकदम थांबले. ज्या वर्षांत नोय्यल मरत होती, त्याच वर्षांत तिरुपूरचे कपडे युरोपच्या चाचण्यांत उत्तीर्ण होऊन जात होते. यात कुणी खोटेपणा केला असेलच असे नाही. मीठ नदीत गेले होते; कपड्यात नव्हते.

काही अपाय असे आहेत की ते कपड्यावर खूणच ठेवत नाहीत. सूतगिरणीत कापसाची धूळ छातीत जाऊन बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी छाती जड होणे हे त्याचे ओळखीचे लक्षण. जुनाट दिसणारी जीन्स बनवण्यासाठी वाळूचा फवारा मारत, तेव्हा तुर्कस्तानातले तरुण कामगार सिलिकोसिसने दगावले आणि तिथे २००९ मध्ये हे तंत्र बंद करावे लागले. त्या जीन्सची कितीही बारकाईने रासायनिक तपासणी केली असती, तरी ती निर्दोषच ठरली असती. अगदी मागे जायचे तर शेतापर्यंत जाता येईल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले. त्या कापसाचा कपडा होईपर्यंत विरंजन, धुलाई आणि रंगाई होऊन विषाचा मागमूस राहत नाही.

मग कारखान्यात जाऊन पाहणारी ऑडिट कशासाठी आहेत? ती उपयोगी आहेत; अग्निशामक, बाहेर पडायचे दार, वेतनाची नोंद यांत त्यांनी अनेक ठिकाणी फरक पाडला आहे. पण त्यांच्या मर्यादाही रक्ताने लिहिल्या गेल्या आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या एका कपडे कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळून १,१३४ जण दगावले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’नेच जाहीर केले की, भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. ठरलेल्या दिवशी येणारा तपासनीस आणि कागदावर चालणारी साखळी यांच्यातून बरेच काही निसटते.

म्हणूनच अलीकडे नियमांचा रोख तयार कपड्याकडून रंगाच्या कढईकडे वळतो आहे, आणि हा बदल स्वागतार्ह आहे. कपड्यात काय उरले यापेक्षा कारखान्यात काय आणले हे विचारणारी यादी मोठ्या ब्रँडांनी २०१४ पासून पुढे आणली. घातक रसायन गोदामातच आले नाही, तर ते कामगाराच्या हाताला आणि नदीलाही लागत नाही. पाणी आणि तेल झटकून टाकणाऱ्या कपड्यांतल्या पीफास गटातल्या ‘चिरंजीव’ रसायनांबाबत हीच दिशा दिसते : फ्रान्सची कपड्यांसाठीची बंदी जानेवारी २०२६ पासून आहे आणि या गटातल्या एका उपगटावरचे महासंघाचे निर्बंध ऑक्टोबर २०२६ पासून लागू होणार आहेत. सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर डिसेंबर २०२७ पासून बंदी येईल. प्रत्येक कपड्याचा प्रवास नोंदवणारा डिजिटल पासपोर्टही येऊ घातला आहे.

हे सगळे पेलायचे कोणी? दोनशे यंत्रांचा निर्यातदार वेगळा माणूस नेमेल. पण त्याला कापड पुरवणारा छोटा यंत्रमागधारक, त्याच्या सुताला रंग देणारा प्रोसेसवाला, यांच्याकडे रंगाच्या डब्यावरची माहितीपत्रिका वाचायलाही माणूस नसतो. इचलकरंजीसारख्या गावात सामायिक प्रयोगशाळा, रसायनांची सामायिक खरेदी आणि नीट चालणारे सांडपाणी केंद्र नसेल, तर एक तर छोटा माणूस बाहेर फेकला जाईल किंवा कागद रंगवायला शिकेल. करारातून मिळणाऱ्या शुल्कसवलतीतला काही वाटा या सोयींवर खर्च झाला, तरच ती सवलत टिकेल.

दुसरी गोष्ट स्वस्त आहे आणि ती करायला युरोपची परवानगी लागत नाही. रंगाई विभागातल्या कामगारांची दरवर्षी लघवीची, कातडीची आणि फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी व्हावी, आणि ती नोंद कामगाराने नोकरी सोडली तरी त्याच्याबरोबर राहावी. ओको-टेक्सच्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. अमाइन्समुळे होणारा मूत्राशयाचा कर्करोग उघड व्हायला वीस वर्षे आणि त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो, कारखान्याचे नाव बदललेले असते आणि डॉक्टर त्याला ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारतात. डॉक्टरांनी ‘पूर्वी काय काम करत होता?’ हा प्रश्नही विचारावा, यासाठी कुठल्याही कराराची गरज नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. युरोपला जाणाऱ्या झबल्याची जी तपासणी होते, ती आपल्या बाळाच्या झबल्याची झाली आहे का, हे दुकानात आपण विचारत नाही. रंग पक्का आहे ना, एवढेच विचारतो. नवा कपडा एकदा धुऊन मगच अंगात घालावा, हा आजीचा नियम अजूनही उपयोगाचा आहे. धुतल्याने सुटे फॉर्मल्डिहाइड बरेच निघून जाते. पण धुतलेले ते पाणीही कुठल्या तरी नदीलाच जाऊन मिळते. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला जी यादी आपण निमूटपणे देतो, ती देशी बाजारासाठीही लागू व्हावी, अशी मागणी आपणच करायला हवी. तसे झाले तर रंगाच्या कढईपाशी उभा असलेला माणूस दोन्ही बाजूंनी सुरक्षित होईल, कारण मग घातक डबा कुठल्याच ऑर्डरसाठी उघडावा लागणार नाही.