अकरावीचे विषय आणि गावचं दप्तर

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत जी चर्चा सुरू होते, तिच्यात शेतीचा उल्लेख फक्त एकदा येतो. तोही असा की, "नाहीच जमलं तर वाडी आहेच." बाकी सगळी चर्चा सायन्स की कॉमर्स, आणि कॉलेज वसईचं की विरारचं, यावर. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्यामुळे शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम तरी आईबाप पोराशेजारी बसून भरतात. पण विषय कोणते घ्यायचे, हे ठरतं कॉलेजच्या खिडकीवर, पाच मिनिटांत, मागच्या वर्षीच्या एखाद्या पोराला विचारून.

या पाच मिनिटांचा आपल्या सोसायटीशी, बचत गटाशी आणि वाडीच्या हिशेबाशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते आज पाहू.

कॉमर्स शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, म्हणजे ज्याला पोरं बीके म्हणतात तो विषय, जवळजवळ सगळेच घेतात. त्याच्या जोडीला अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन, चिटणीसाची कार्यपद्धती किंवा गणित. आणि मग येतो माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी. हा विषय तिन्ही शाखांत घेता येतो. बोर्डाची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते, २० गुण प्रात्यक्षिकाचे. मार्क चांगले पडतात अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून पोरं त्याच्यावर तुटून पडतात. बऱ्याच कॉलेजांत मराठी किंवा हिंदी सोडून त्या जागी आयटी घेतलं जातं. यावर माझं मत स्पष्ट सांगतो. वाडीवाल्याच्या घरात मराठी सोडणं महागात पडतं. संगणकावरून सातबारा काढणं दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावरचे इतर हक्क, फेरफार, पोटखराबा वाचून त्याचा अर्थ सांगायला भाषा लागते. खरेदीखत आणि सोसायटीची नोटीसही मराठीतच येते.

पण आयटी घेऊच नये असं मी म्हणत नाही. उलट म्हणतो की, घ्यायचं तर पुस्तपालनाच्या जोडीने घ्यावं. अकरावीच्या आयटीत जीएनयूखाता नावाचं हिशेबाचं मोफत सॉफ्टवेअर शिकवलं जातं. जमा-नावे म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातात हे चांगलं अवजार आहे. ज्याला ठाऊक नाही, तो फक्त बटणं दाबतो. दोन्ही विषय घेणाऱ्या पोराला मात्र दोन वर्षांनी एखाद्या लहान संस्थेचं दप्तर समोर ठेवलं तर उघडून वाचता येईल. आपल्याकडे नेमकी याच माणसाची वाण आहे.

विकास सोसायट्यांचं उदाहरण घ्या. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. योजना २,५१६ कोटींची. संगणक आला, सॉफ्टवेअर आलं. पण जुन्या खतावणीतली येणी-देणी जुळल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. कागदावर वर्षानुवर्षं ओढत आणलेली चूक संगणक झाकत नाही, तो ती सगळ्यांसमोर मांडतो. गटसचिव एक आणि त्याच्याकडे सोसायट्या अनेक, ही स्थिती तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी गावातलाच कोणी, ज्याला ताळेबंद कळतो, तो संचालकांच्या शेजारी बसला तर चित्र वेगळं होतं. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, "मंजूर, मंजूर" होतं आणि चहा येतो. त्या अहवालातली येणे बाकी मागच्या वर्षीपेक्षा का वाढली, हे विचारणारा एक तरी सभासद असावा की नाही?

आपल्या वसईत ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. २००९ साली महानगरपालिका आली आणि पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. ग्रामसभा गेली, सरपंच गेला. आता गावाचं म्हणून जे उरलं आहे ते सोसायट्या, मच्छीमार संस्था, पतपेढ्या आणि बचत गट यांच्याच रूपाने. तिथलं दप्तर वाचता येणारी माणसं कमी झाली तर गावाच्या हातात काय राहील, याचा विचार ज्येष्ठांनी करावा.

ज्या तालुक्यात आज पोरांना बीके म्हणजे नोकरीचा विषय वाटतो, त्याच तालुक्यात १९१८ साली एक पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. सावकाराच्या पाशातून माणूस सोडवायचा तर आधी सावकाराइतकी चोख वही लिहिता आली पाहिजे, हे त्या पिढीला कळलं होतं. कोणाकडून किती आले, कोणाला किती दिले, व्याज किती, हे कोणीतरी रोज रात्री कंदिलापाशी बसून लिहिल्याशिवाय पतसंस्थेची बँक होत नाही.

आता उत्पादक कंपन्यांकडे वळू. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची कंपनी काढता येऊ लागली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी नोंदवता येते. २०२० साली दहा हजार नव्या शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आली आणि गावोगाव उत्साह आला. नोंदणीच्या दिवशी फोटो होतात, पण खरी कसोटी पुढच्या वर्षी असते. कंपनीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दरवर्षी कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोजचे १०० रुपये जादा शुल्क. हे नियम २०१८ पासून कडक झाले आहेत. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. संचालक म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच, ज्यांनी सहीच्या जागी सही केली. वर्षाकाठी सनदी लेखापालाची फी द्यावीच लागते, ती टळत नाही. पण बिलांची पिशवी त्याच्या टेबलावर ओतायची की नीट लिहिलेली रोजकीर्द ठेवायची, यावर त्याचं काम आणि आपला खर्च दोन्ही अवलंबून असतात.

संस्थेचं सोडा, घरचा हिशेब घ्या. समजा, एका वाडीतून वर्षभरात केळी, भाजी आणि मोगरा मिळून २,४०,००० रुपयांच्या पट्ट्या आल्या. रोपं, खत, औषध, वीज, बाहेरची मजुरी, दादरपर्यंतचं भाडं मिळून १,३०,००० गेले. मालक म्हणणार, १,१०,००० सुटले. आता अकरावीचं पोर वही घेऊन बसलं तर ते दोन गोष्टी विचारील. पहिली, चाळीस हजारांचा पंप दहा वर्षं चालणार, तर त्याचा यंदाचा घसारा ४,००० कुठे धरला? दुसरी, तुम्ही आणि आई दोघं मिळून तीनशे दिवस राबलात, त्याची ४०० रुपये रोजाने मजुरी १,२०,००० होते, ती कुठे? दोन्ही वजा केले तर १४,००० चा तोटा निघतो. याचा अर्थ वाडी विकून टाका असा नाही. अर्थ एवढाच की, तीन पिकांपैकी एखादं पीक बाकीच्यांची कमाई खात असावं. कुठलं, ते पीकवार खातं मांडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कृषी विभागाच्या शिफारशी मी रोज सांगत फिरतो. पण कुठली शिफारस तुमच्या वाडीत परवडते, याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नाही, तुमच्या वहीत आहे.

पट्टीचंही तसंच. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा निर्णय २०१६ चा. तरी पट्टीवर वेगवेगळ्या नावांनी काय काय कापलं जातं, ते बारकाईने कोण बघतं? वर्षभराच्या पट्ट्या एका तक्त्यात भरल्या की कोणत्या व्यापाऱ्याकडे किलोमागे किती हातात पडतं हे समोर येतं. हा तक्ता भरायला आयटी शिकलेल्या पोराला एक संध्याकाळ पुरते.

मोबाइलवरची कामं तर पोरंच करतात. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. शेतकरी ओळख क्रमांक, पीएम किसानची ई-केवायसी, महाडीबीटीवरचे अर्ज, सगळं त्यांच्याच बोटांवर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा केळी आडवी झाली. अशा वेळी पंचनाम्यात पीक आणि क्षेत्र काय लिहिलं जातं, यावर भरपाई ठरते. सातबाऱ्यावर पीक पडीक दिसलं तर नंतर वाद घालून उपयोग नसतो. आणि एक सावधगिरी. "पीएम किसानची यादी" अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाईल येते, ती उघडून बसवली की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. सायबर कायदा आणि सुरक्षितता हा आयटीच्या अभ्यासाचा भाग आहे. पोराला म्हणा, परीक्षेआधी तो भाग आजीला शिकव.

आता सहकार या विषयाबद्दल. बोर्डाच्या यादीत अकरावी-बारावीला सहकार नावाचा स्वतंत्र विषय आहे, त्याची बालभारतीची पुस्तकंही आहेत. सहकारी संस्थेची स्थापना, व्यवस्थापन, सभा, पत्रव्यवहार असा त्याचा विषय. ज्या महाराष्ट्रात सहकारावर निवडणुका लढवल्या जातात, तिथे हा विषय फार थोडी पोरं घेतात. कॉलेजं म्हणतात मागणी नाही, पालक म्हणतात विषयच माहीत नाही. सोसायटीच्या चेअरमन मंडळींनी आणि सरपंचांनी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाला लेखी पत्र द्यावं की, आमच्या गावातून इतकी मुलं हा विषय घ्यायला तयार आहेत. तोंडी मागणीला किंमत नसते. पत्राला जावक क्रमांक असावा आणि पोच घ्यावी.

दुसरी सूचना प्रात्यक्षिकाची. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बोर्डाने हायस्कूलसाठी मान्य केला. त्यात मुलं गावाची कामं करत करत शिकतात. जोडकाम, नळकाम, माती परीक्षण, आणि त्याचा खर्चही स्वतः काढतात. हीच रीत हिशेबाला का लावू नये? दिवाळीच्या सुट्टीत अकरावीची चार मुलं सोसायटीत किंवा महिला बचत गटात आठ दिवस बसली, मागच्या वर्षाची रोजकीर्द संगणकावर चढवली आणि तेरीज जुळवून पाहिली, तर पुस्तकातले दहा धडे डोक्यात पक्के बसतील. मात्र पथ्य पाळा. मूळ रजिस्टर कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नका. सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक झाकलेल्या झेरॉक्स द्या. आणि फुकटचा कारकून मिळाला म्हणून पोरांना वर्षभर राबवू नका.

अडचण आहे ती पूर्व पट्ट्यात. मेढे, भाताणे, पारोळच्या बाजूच्या पोराला मनासारख्या विषयासाठी वसई किंवा विरार गाठावं लागलं तर जाण्यायेण्यातच दिवस जातो. मुलगी असेल तर घरचे आधीच कचरतात. त्यात बऱ्याच ठिकाणी आयटीची फी वेगळी घेतात. म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन विचारावं. आयटीची जादा फी किती? प्रयोगशाळेत चालू अवस्थेतले संगणक किती आणि एका संगणकावर किती मुलं बसतात? विषयाला शिक्षक आहे की जाहिरात निघायची आहे? पुस्तपालन मराठी माध्यमातून शिकवतात का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं कॉलेज बघावं. सायन्सला गेलेल्या मुलाला बीके मिळणार नाही. त्याने शेजारच्या कॉमर्सवाल्याचं पुस्तक सुट्टीत वाचलं तरी पुष्कळ.

अकरावीच्या बीकेच्या पुस्तकात एकनोंदी पद्धतीचं प्रकरण अगदी शेवटी येतं. आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यभर त्याच पद्धतीने हिशेब ठेवतात, तोही अर्धा डोक्यात. पोर त्या प्रकरणापर्यंत पोहोचेल तेव्हा त्याला खरे कागद लागतील. तोवर पट्ट्या, खताची बिलं आणि गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या पिशवीत कोंबू नका, तारखेप्रमाणे तारेत ओवून ठेवा.