जुन्या घराचा दिवाणखाना

नव्या मुंबईस 'नवी' म्हणतांना आतां थोडें थांबावेंच लागतें. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली. त्यानंतर वाशींत जीं पहिलीं घरें उठलीं, त्यांत राहावयास आलेलीं तरुण जोडपीं आज आजी-आजोबा झालीं आहेत. अशा घराचा दिवाणखाना कसा सजवावा, हा प्रश्न अलीकडे कित्येक कुटुंबांत वादाचा झालेला आम्ही पाहतों. सून म्हणते, जुनें सारें काढून एका धाटणीचें नवें सामान आणावें. सासूबाई म्हणतात, खिळाहि हालवूं नये. या दोहोंतील मधला मार्ग म्हणून 'इक्लेक्टिक' सजावटीचें नांव हल्लीं घेतलें जातें.

हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा मूळ अर्थ 'वेंचून घेणें' असा आहे, 'मिसळणें' असा नव्हे. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ दिवाणखाने जुन्या बाजाराच्या दुकानासारखे दिसतात. आपल्याकडेहि 'संचय' आणि 'संग्रह' हे शब्द निराळे आहेत. संचय म्हणजे ढीग. संग्रह म्हणजे नीट एकत्र धरणें.

संग्रह कसा असावा हें पाहावयाचें असेल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं गांवोगांव हिंडून घरगुती वापराच्या हजारों वस्तु जमविल्या आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. तेथील दिवे आणि अडकित्ते निरनिराळ्या प्रांतांतले असूनहि एकमेकांस परके वाटत नाहींत. कारण त्यांचा उपयोग एक आहे. उपयोग, रंग किंवा घडणीचें द्रव्य, यांपैकीं एखादें सूत्र सर्वांतून ओवलेलें असलें म्हणजे भिन्न मण्यांचीहि माळ होते.

घरीं हें असें साधावें. मोझेकची जुनी लादी शाबूत असेल तर ती उखडूं नये. तिच्या खड्यांतला एक रंग निवडावा आणि पडदे व उशांचे अभ्रे त्याच रंगाचे करावे. मग सागवानी कपाट, नवा कोच आणि इराण्याच्या हॉटेलांत असते तशी गोल पाठीची खुर्ची एका खोलींत सुखानें नांदतात. ती खुर्ची तरी आपली कोठली? वाफेनें लांकूड वांकवून तसल्या खुर्चीचा नमुना मिखाएल थोनेट या कारखानदारानें व्हिएन्नाकडे १८५९ च्या सुमारास सिद्ध केला. पण आपल्या लोकांनीं ती परकी म्हणून टाकली नाहीं. भिंतीवर वारली चित्र लावावयाचें तर एकच आणि मोठें लावावें. खाडीकांठची हवा दमट. पावसाळ्यांत बाहेरच्या भिंती ओल धरतात. म्हणून चित्र आंतल्या भिंतीवर टांगावें आणि लांकडी कपाट भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावें. पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून, पुरतीं कोरडीं करून मगच मांडावीं.

परंतु खरा प्रश्न सामानाचा नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांची आरामखुर्ची शोभत नाहीं म्हणून गॅलरींत गेली. पंधरा दिवसांत आजोबाहि गॅलरींत बसूं लागले, आणि आल्यागेल्याशीं त्यांचें बोलणें तुटलें. त्यांना कोणीं उठविलें नव्हतें. केवळ खुर्ची उठविली होती. उलट, जिची एकहि वस्तु बैठकींत नाहीं, ती सून वीस वर्षें राहूनहि त्या घरीं पाहुणीच असते.

बेलापुरास १९८० नंतरच्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं जी वसाहत आंखली, तींत दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नाहीं. हेतु हा, कीं शेजाऱ्यास न दुखवितां प्रत्येकास आपलें घर वाढवितां व बदलतां यावें. वास्तुकारानें अनोळखी कुटुंबांस जी मोकळीक दिली, ती आपण आपल्याच माणसांस देऊं नये काय?

आम्ही सुचवितों तें इतकेंच. एखाद्या सुटीच्या दुपारीं, आजीपासून शाळकरी नातवापर्यंत, प्रत्येकानें दिवाणखान्यांत राहिलीच पाहिजे अशी एक वस्तु सांगावी, आणि ती कां तेंहि सांगावें. त्या वस्तु आधीं मांडाव्या. उरलेल्या जागेंत मावेल तेवढेंच इतर सामान ठेवावें. बाकीचें गरजवंतास द्यावें.

वाशींतील कित्येक जुन्या इमारती आतां पुनर्विकासाच्या वाटेला लागल्या आहेत. त्या पाडल्या जातील तेव्हां लादी बरोबर नेतां येणार नाहीं. आजोबांची खुर्ची नेतां येईल. तिची नव्या घरांतली जागा कोणती, हें आजोबा बोलावयास आहेत तोंच ठरवावें.