विश्लेषण : राजभवनातून पुन्हा राजकारणात, सातारा-सांगलीच्या दोन पाटलांची कहाणी काय सांगते?

राज्यपालपद म्हणजे राजकीय निवृत्ती, असा सर्वसाधारण समज. मात्र, सिक्कीमचे माजी राज्यपाल श्रीनिवास पाटील यांनी २०१९ मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी लोकसभेची पोटनिवडणूक जिंकून तो खोटा ठरवला. माजी राज्यपालांना पुन्हा राजकारणात येता येते का, याविषयी…

श्रीनिवास पाटील यांचा प्रवास कसा झाला?

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील पाटील हे सनदी अधिकारी. शरद पवार यांचे महाविद्यालयीन काळापासूनचे मित्र. नोकरी सोडून ते १९९९ मध्ये राष्ट्रवादीतर्फे कराडमधून लढले आणि पृथ्वीराज चव्हाण यांना हरवून लोकसभेत गेले. २००४ मध्येही ते निवडून आले. मतदारसंघ पुनर्रचनेत कराड मतदारसंघच संपुष्टात आला. जुलै २०१३ मध्ये ते सिक्कीमचे राज्यपाल झाले. २०१४ मध्ये केंद्रात सत्ताबदल झाल्यावर ‘यूपीए’ने नेमलेल्या अनेक राज्यपालांना पद सोडावे लागले. पाटील मात्र ऑगस्ट २०१८ पर्यंत पदावर होते.

२०१९ मध्ये काय घडले?

खासदार उदयनराजे भोसले यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने पाटील यांना उभे केले. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात भर पावसात झालेली पवारांची सभा गाजली. पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. २०२४ मध्ये ते रिंगणात नव्हते. ही जागा उदयनराजेंनी परत मिळवली.

सांगलीच्या वसंतदादांचे काय?

२४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडताना गोळी झेललेले वसंतदादा पाटील पुढे सहकाराचे नेते आणि मुख्यमंत्री झाले. १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदाच्या नियुक्तीवरून नाराज होऊन त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि त्याच वर्षी ते राजस्थानचे राज्यपाल झाले. जनाधार असलेल्या नेत्याला राज्याबाहेर पाठवण्याचा मार्ग म्हणूनही राजभवनाकडे पाहिले जाते, ते अशा नेमणुकांमुळे. १९८७ मध्ये मुदत संपण्यापूर्वीच दादा तेथून परतले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

कायदा काय सांगतो?

अनुच्छेद १५८ नुसार पदावर असताना राज्यपालांना संसद वा विधिमंडळाचे सदस्य राहता येत नाही. पद सोडल्यानंतर निवडणूक लढवण्यास मात्र राज्यघटनेत बंदी नाही. सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशच्या राजभवनातून थेट केंद्रीय मंत्रिमंडळात गेले होते. राज्यपालांनी नंतर पक्षीय राजकारणात परतू नये, असा संकेत रुजवावा, असे सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सुचवले. तो रुजला नाही.

मग आक्षेप कशाला?

निवडणुकीत निदान मतदार कौल देतात. श्रीनिवास पाटील यांनाही तो घ्यावा लागला. खरा प्रश्न पदावर असतानाच्या वर्तनाचा आहे. सरकार कोणाला बनवू द्यायचे, बहुमत चाचणी कधी घ्यायची, हे राज्यपाल ठरवतात. उद्या पक्षाकडून उमेदवारी किंवा मंत्रिपद मिळण्याची आशा असेल, तर आजचा निर्णय निःपक्ष राहील का? महाराष्ट्रातील जून २०२२ च्या सत्तासंघर्षात राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. तोपर्यंत सरकार बदलून गेले होते. पूर्वीच्या सरकारला परत आणणे न्यायालयालाही शक्य झाले नाही. राज्यपालांच्या एका निर्णयाची किंमत एवढी मोठी असू शकते.