चेन्नईचा दमटपणा आणि सक्तीचा इनर

कॉम्प्रेशन इनर घातला की त्याखालच्या त्वचेचे तापमान वाढते. शरीरांतर्गत तापमान मात्र बहुतेक प्रयोगांत फारसे हलत नाही. गेल्या दोन दशकांतल्या संशोधनाचे सार एवढेच आहे आणि विक्रेत्यांना त्यातला दुसरा अर्धा भाग तेवढा पाठ असतो. रॉब डफील्ड आणि मार्क पोर्टस यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास क्रिकेटपटूंवरचाच होता. तीन कंपन्यांचे पूर्ण अंग झाकणारे इनर घालून वारंवार स्प्रिंट आणि थ्रो करवून घेतले गेले. वेग वाढला नाही, फेकही सुधारली नाही. त्वचा मात्र जास्त तापली. फायदा दिसला तो दुसऱ्या दिवशी, अंगदुखी कमी जाणवल्याचा. 2009 मध्ये हॉकीसारख्या सांघिक खेळाची नक्कल करून झालेल्या प्रयोगातही त्वचा तापली, शरीरांतर्गत तापमान तेवढेच राहिले. पण तो प्रयोग सौम्य हवेतला. 2013 मध्ये मार्टिन बारवुड आणि सहकाऱ्यांनी उन्हासारखी प्रारित उष्णता देऊन धावपटूंची परीक्षा घेतली. तिथेही इनरने कामगिरी उंचावली नाही. समुद्रकाठचा दमटपणा हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता आणि चेन्नईत सगळा प्रश्न दमटपणाचा आहे.

सैल बनियनमध्ये हालचालीबरोबर हवा भात्यासारखी आतबाहेर होते आणि त्वचेलगतचे बाष्प बाहेर फेकले जाते. घट्ट इनरमध्ये ती हवाच उरत नाही. घाम कापडात शोषला जातो, धाग्याधाग्यांतून पसरतो आणि कापडाच्या बाहेरच्या अंगाने उडतो. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे 2.4 किलोजूल अप्रकट उष्मा घेतो. तो सगळा त्वचेतून घेतला गेला तरच खेळाडूला पूर्ण गारवा मिळतो. बाष्पीभवनाची जागा त्वचेपासून कापडाच्या बाहेरच्या थरावर सरकली की त्या उष्म्याचा काही वाटा बाहेरच्या हवेतून येतो. ‘घाम लगेच टिपतो’ हा दावा त्यामुळे खरा असला तरी अपुरा आहे. घाम टिपला जाणे आणि अंग गार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचा 35 अंशांच्या वर गेली की आतली उष्णता बाहेर आणण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. शरीरांतर्गत तापमान स्थिर दिसते ते या जादा खर्चावर.

आता आकडेमोड. 35 अंशांच्या ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब सुमारे 5.6 किलोपास्कल. चेन्नईत 30 अंश तापमान आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तेव्हा हवेतला बाष्पदाब सुमारे 3.4 असतो, म्हणजे घाम उडण्यासाठी फरक उरतो 2.2 चा. कापडाची बाष्परोधकता ज्या आयएसओ 11092 पद्धतीने मोजतात तिथे थाळी आणि हवा दोन्ही 35 अंशांवर, पण आर्द्रता 40 टक्के. तिथला फरक 3.4 च्या आसपास. वारा तेवढाच धरला तरी प्रयोगशाळेत जेवढे बाष्प बाहेर पडते, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच या हवेत पडेल. लेबलवरचे ‘ब्रीदेबल’ वाचताना हा हिशेब कुणी करत नाही.

याच आकडेमोडीतून आणखी एक अडचण निघते. ‘सकाळी सहाला सराव घेतो, तेव्हा गार असते’ हे उत्तर प्रशिक्षकांच्या तोंडी ठरलेले असते. पहाटे 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला हवेतला बाष्पदाब 3.2 असतो, दुपारी 37 अंश आणि 55 टक्क्यांना 3.5. घाम उडण्याच्या दृष्टीने दोहोंत फार अंतर नाही. सकाळचा खरा लाभ ऊन नसण्याचा आणि त्वचेपेक्षा गार हवेचा आहे. तो घ्यावाच, पण तेवढ्या भरवशावर खेळाडूला पूर्ण बाह्यांच्या इनरमध्ये कोंबू नये.

तरीही कोंबले जाते, आणि तेही यादी लावून. कनिष्ठ गटांच्या शिबिरांच्या किट-याद्यांत ‘फुल स्लीव्ह इनर, फुल टाइट्स, रंग काळा, अनिवार्य’ अशी ओळ आता सर्रास दिसते. ती कोणत्या शारीरिक निकषावर आली, हे यादी काढणाऱ्याला विचारले तर उत्तर मिळते ते एकसारखेपणाचे. संघ टीव्हीवरच्या संघासारखा दिसावा एवढेच. काळा रंग ऊन जास्त शोषतो, हे शाळेच्या विज्ञानात शिकवलेले यादी टाइप करताना कुणाला आठवत नाही. फलंदाजाची गत तर विचारूच नये: इनरवर थाय पॅड, त्यावर पँट, त्यावर पॅड, वर हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज. घाम उडायला जागा उरते ती चेहऱ्यावर आणि मानेवर.

दाबाची तर नोंदच नसते. वैद्यकीय मोज्यांना मिलिमीटर पाऱ्यात दाबाचे वर्ग ठरलेले आहेत. खेळाच्या इनरवर छातीचे माप आणि इलास्टेनची टक्केवारी छापली की काम भागते. एकच माप सडपातळ मुलाला ढिले होते आणि दंड-मांड्या भरलेल्या मुलाला आवळते. वाढत्या वयातली मुले तोच इनर दोन हंगाम वापरतात, तेव्हा त्याखालचा दाब किती हे पालकांना माहीत नसते, फिजिओला नसते, दुकानदाराला तर नसतेच.

सरकारी बाजूही याहून शहाणी नाही. तामिळनाडू सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्य-विशिष्ट आपत्तीचा दर्जा दिला, ही चांगली गोष्ट. पण लाट ठरते हवामान विभागाच्या निकषाने: किनाऱ्यावर कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंश जास्त. चेन्नईच्या कमाल तापमानाची मे महिन्यातली सरासरीच 37 च्या घरात, म्हणजे पारा 41 ओलांडेपर्यंत नियमाने लाट नाही. अग्निनक्षत्रम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेमधल्या दिवसांत 37 अंशांना घामाने निथळणारा मुलगा कागदोपत्री नेहमीच्या हवेत खेळत असतो. विभाग उष्ण-दमट हवेचा इशारा देतो खरा; मैदानावर तो वाचून सराव आखणारे मोजके. दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक 1950 च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला. त्यात ओल्या बल्बच्या (वेट बल्ब) तापमानाला 70 टक्के वजन आहे. पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेत विद्या वेणुगोपाल यांनी मिठागरांतल्या आणि इतर कामगारांवरचा उष्णताताण याच निर्देशांकाने मोजला. मजुरांसाठी वापरात असलेले मोजमाप त्याच शहरातल्या खेळाच्या मैदानांवर क्वचित पोहोचते.

चेन्नईच्या चेपॉक मैदानाचे उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. सप्टेंबर 1986 च्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने 210 धावा केल्या आणि त्याला रुग्णालयात सलाइन लावावे लागले. त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवशी त्याचाच सहकारी ग्रेग मॅथ्यूज स्वेटर घालून गोलंदाजी करत राहिला आणि दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेऊन गेला. एकाच मैदानावर, एकाच हवेत दोन शरीरांनी दिलेली ही दोन उत्तरे. कपड्याच्या बाबतीत सरसकट सक्ती चुकीची का, याला याहून चांगला दाखला शोधायला नको. मॅथ्यूजच्या यशानंतर स्वेटर किट-यादीत आला नाही, हे नशीबच.

ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये बुची बाबू क्रिकेट स्पर्धेसाठी महाराष्ट्र आणि मुंबईचे संघ चेन्नईतच होते. पुण्या-नाशिकच्या हवेतून तिकडे जाणाऱ्या खेळाडूला त्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. संघ बहुधा सामन्याच्या दोन दिवस आधी उतरतो. निदान त्या दिवसांत तरी किट-यादीतला ‘अनिवार्य’ हा शब्द खोडून ‘ऐच्छिक’ लिहावा. टर्फवर घासणारे गुडघे, मांड्या सोलवटणे, जुनी दुखापत, ऊन टाळणे, अंग झाकण्याची खेळाडूची स्वतःची इच्छा ही इनर घालण्याची पुरेशी कारणे आहेत. त्यांना हरकत नाही. रंग पांढरा किंवा फिका, आणि अंग झाकणे हेच कारण नसेल तर बाह्या अर्ध्या. दाबाचा जो थोडाफार लाभ सिद्ध झाला आहे तो खेळानंतरचा आहे, तेव्हा टाइट्स हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली घालाव्यात.

सरावाआधी आणि सरावानंतर वजन करण्याचा सल्ला जुना आहे. एक वजनकाटा आणि वही यापलीकडे खर्च नाही, तरी वही कोरीच असते. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरले तर त्या दिवशी दुसरे सत्र नको. कपाळावर रोखायची इन्फ्रारेड गन घामाच्या त्वचेवर जे दाखवते त्यावर विसंबू नये. खेळाडू बरळू लागला, तोल जाऊ लागला आणि गुदमार्गी तापमान 40 अंशांच्या वर असेल, तर आधी बर्फाच्या पाण्याचा टब, मग रुग्णवाहिकेतून हलवणे. ओला, आवळलेला इनर सोलून काढण्यात मिनिटे जातात. खेळाडूला इनरसकट पाण्यात उतरवावे. पातळ विणीतून पाणी आत जाते. इनर काढणे भागच असेल तर कापावा. त्यासाठी बोथट टोकाची बँडेज कात्री फिजिओच्या पेटीत वरच्या कप्प्यात असावी.